गाशा गुंडाळायचा कधी, आणि पुढचं बिऱ्हाड कुठे?

आजवर मी तीन देशांतून गाशा गुंडाळला. एकदा वेळेवर, एकदा बऱ्याच उशिरा आणि एकदा चार महिने लवकर. उशीर झाला तेव्हा फक्त कुरकुर वाढली. ते चार महिने मात्र चांगलेच महागात पडले. कायम वास्तव्याच्या अर्जासाठी लागणारी वर्षं भरायला तेवढेच बाकी होते, आणि नव्या नोकरीला हो म्हणताना मी ते मोजलेच नव्हते. आधीची सगळी वर्षं पाण्यात.

देश बदलायचा म्हटलं की जो तो ‘कुठे’ यावरच बोलतो. कुठे पगार चांगला, कुठे हवा चांगली. माझा अनुभव असा, की माणसं देश निवडताना फारशी चुकत नाहीत, तारीख निवडताना चुकतात. पहिल्यांदाच एका परक्या देशातून दुसरीकडे जायच्या विचारात असाल, तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. ‘कुठे’ चौथ्या पायरीवर येतं, आणि ते मुद्दाम.

पायरी १: कंटाळा नक्की कशाचा आलाय?

‘हा देश आता नको’ असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा नको झालेला असतो तो साहेब, किंवा रोजचा दीड तासाचा प्रवास, किंवा ते भाड्याचं अंधारं घर. देश सोडणं हा यावरचा सगळ्यात खर्चिक इलाज. म्हणून आधी स्वतःलाच विचारा: हेच काम याच देशातल्या दुसऱ्या शहरात मिळालं तर मी राहीन का? हेच शहर ठेवून नोकरी बदलली तर? दोन्हींना मनापासून ‘नाही’ आलं तरच पुढे जा.

एक महिना रोज रात्री दोन ओळी लिहा. आज काय खुपलं आणि आज काय बरं वाटलं, एवढंच. महिन्याने वाचलं की खुपणाऱ्या गोष्टींमध्ये एकच नाव पुन्हा पुन्हा दिसतं. ते देशाचं असेलच असं नाही.

तुम्ही येऊन किती दिवस झाले हेही बघा. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. सहा महिन्यांपेक्षा कमी किंवा दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेले त्यातल्या त्यात रुळलेले होते. मधले, म्हणजे ६ ते १८ महिने राहिलेले, सगळ्यात अस्वस्थ. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा हा आलेख पुढे फार गाजला. तो सगळ्यांना लागू पडत नाही. लिसगार्ड यांनी प्रत्येकाला एकदाच गाठलं होतं, वर्षभर कुणाच्या मागे राहून नोंदी घेतल्या नव्हत्या, आणि नंतरच्या अभ्यासांत हा आकार दर वेळी सापडलाही नाही. तरी एक सावधगिरी त्यातून घ्यावी: पहिल्या दीड वर्षातल्या खड्ड्यात बसून निघण्याचा निर्णय घेऊ नये. सुट्टीवरून परत आल्यानंतरच्या आठवड्यात तर मुळीच नाही. काळोख्या हिवाळ्याच्या देशात राहत असाल तर ऐन हिवाळ्यातही नाही.

मग निघण्याची खरी खूण कोणती? माझ्यापुरती एकच आहे. पुढच्या तीन वर्षांचा विचार करताना या देशातलं एकही चित्र डोळ्यासमोर येत नसेल, चांगलं नाही आणि वाईटही नाही, तर मन आधीच निघून गेलेलं असतं.

पायरी २: काय पदरात पडायचंय, काय हातचं जाईल

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि बहुतेक जण ती गाळतात. एक कागद घ्या. एका बाजूला लिहा: इथे आणखी काही महिने राहिलो तर कोणता हक्क मिळेल? दुसऱ्या बाजूला: आत्ता गेलो तर मिळालेलं काय जाईल? प्रत्येक ओळीसमोर तारीख हवी. तारीख नसलेली ओळ खोडून टाका.

पहिल्या बाजूची उदाहरणं बघा. युरोपियन युनियनमध्ये सलग पाच वर्षं कायदेशीर राहिल्यावर ‘दीर्घकालीन रहिवासी’ हा दर्जा मागता येतो. जर्मनीत ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या परवान्यावर असाल आणि जर्मन भाषेची बी-१ ही मधली पातळी गाठली असेल, तर कायम परवाना २१ महिन्यांत मिळू शकतो, ए-१ या प्राथमिक पातळीवर २७ महिन्यांत. म्हणजे भाषेचा क्लास सहा महिने वाचवतो. जपानमध्ये एरवी दहा वर्षं लागतात, पण उच्च कौशल्याच्या गुणपद्धतीत ७० गुण असले तर तीन वर्षांनी आणि ८० असले तर एका वर्षाने अर्ज करता येतो. तिथे आठ वर्षं राहून कंटाळलेल्या कित्येकांनी आपले गुण कधी मोजलेलेच नसतात. कॅनडाचं नागरिकत्व मागायला अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस तिथे काढलेले असावे लागतात. वर्षं नव्हे, दिवस. मधल्या सुट्ट्या आणि परदेश दौरे त्यातून वजा होतात.

दुसरी बाजू जास्त फसवी. कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे पीआर, मिळाला की ‘पीआर आहे ना, ती कुठे जातेय’ असं म्हणत लोक निघतात. ती जाते. कॅनडात पीआर टिकवायची तर दर पाच वर्षांत ७३० दिवस तिथे असावं लागतं. ब्रिटनचा बेमुदत परवाना सलग दोन वर्षं बाहेर राहिल्यावर सहसा रद्द होतो. युरोपियन युनियनचा दीर्घकालीन दर्जा युनियनच्या बाहेर सलग बारा महिने राहिल्यावर जातो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड घेऊन वर्षाहून जास्त काळ बाहेर राहायचं असेल तर निघण्याआधीच पुनर्प्रवेशाच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीचा साधा रहिवासी व्हिसा सहा महिने बाहेर राहिलं की बाद होतो. दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसाला हे बंधन नाही.

हातात पासपोर्ट पडला की ही मोजदाद संपते. म्हणून पीआर मिळाली आहे आणि नागरिकत्वाला दीडेक वर्ष उरलंय, अशा वेळी माझा सल्ला बहुधा ‘थांबा’ असाच असतो. अपवाद दोन. प्रकृती बिघडत चालली असेल तर थांबू नका. आणि दुसरं नागरिकत्व घेताना पहिलं सोडावं लागणार असेल तर हा हिशोब अगदी वेगळा होतो. आपल्या मूळ देशाचा नियम आधी वाचा.

पैशांच्या तारखाही याच कागदावर येतात. अमिरातीत नोकरीचं पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय ग्रॅच्युइटी लागू होत नाही. मग पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार आणि त्यापुढे दर वर्षाला ३० दिवसांचा. अकराव्या महिन्यात राजीनामा देणारा माणूस हातातली रक्कम टाकून जातो. जपानमध्ये पेन्शनमध्ये भरलेल्या पैशांचा काही भाग परत मिळतो, पण देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत मागितला तरच, आणि तो घेतला की तिथली पेन्शनची वर्षं पुसली जातात. जर्मनीत पाच वर्षांचे हप्ते भरले की म्हातारपणी पेन्शनचा हक्क मिळतो. त्याहून कमी असतील तर युनियनबाहेरच्या अनेक देशांच्या नागरिकांना, युनियन सोडून २४ महिने झाल्यावर, स्वतःच्या वाट्याचे हप्ते परत मागता येतात. ५७ महिने झालेल्या माणसाने तीन महिने थांबायचं की नाही, हा प्रश्न मग बाकी कशावर नाही, याच्यावर ठरतो.

आणि एक तारीख आपल्या जन्माची. गुण मोजून प्रवेश देणारे देश वयाचे गुण कापत जातात. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत तिशीपासून ते उतरायला लागतात आणि ४५ व्या वर्षी शून्य होतात. ऑस्ट्रेलियाच्या गुणांवर आधारलेल्या कौशल्य व्हिसासाठी निमंत्रण येईल तेव्हा वय ४५ च्या आत हवं, आणि सगळ्यात जास्त गुण २५ ते ३२ या वयाला. ४४ व्या वर्षी ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणणाऱ्याला पुढचं वर्ष नसतं.

पायरी ३: घरात कुणाचं काय म्हणणं आहे

जोडीदार सोबत असेल तर निर्णय एकट्याने घेऊन ‘सांगायचा’ नसतो. हे कळायला मला एक देश खर्ची घालावा लागला. नव्या देशात जोडीदाराला काम करायची परवानगी आहे का, हा पहिला प्रश्न. काही देश आश्रितांच्या व्हिसावर ती लगेच देतात, काही वेगळा परवाना मागतात, काही देतच नाहीत. परवानगी नसलेल्या जागी एकाचा पगार दुप्पट झाला तरी घर दुःखी होतं. मी पाहिलेल्या सगळ्या घरांत हेच झालं.

मुलांच्या बाबतीत दोन वयं सांभाळा. पाच-सहा वर्षांचं मूल भाषा पटकन उचलतं, तिथे फार काळजी नको. अडतं ते पंधरा-सोळाच्या पुढे. शेवटच्या परीक्षेचे अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचे असतात. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरियटचा डिप्लोमाही असाच, १६ ते १९ वयोगटासाठी. मधूनच उचललेलं मूल एक वर्ष हमखास गमावतं. त्या दोन वर्षांच्या आधी निघा, नाहीतर संपल्यावर.

आईवडील विभक्त असतील तर आधी वकील, मग विमानाचं तिकीट. मुलांच्या बेकायदा स्थलांतराबाबतचा १९८० चा हेग करार शंभराहून जास्त देशांनी मानला आहे. दुसऱ्या पालकाची संमती नसताना मूल नव्या देशात नेलं, तर कोर्ट ते मूल आधी राहत होतं त्या देशात परत पाठवायला सांगू शकतं. आणि तो देश म्हणजे पासपोर्टवरचा नव्हे, मूल खरोखर राहत होतं तो.

पायरी ४: आता ‘कुठे’

दुरून डोंगर साजरे, ही म्हण देश निवडणाऱ्यांसाठीच असावी. राहणीमानाच्या जागतिक याद्या मी वाचतो, करमणूक म्हणून. त्या यादीतल्या पहिल्या शहराला तुमचं शिक्षण, तुमची भाषा, तुमचं वय यांचं काही देणंघेणं नसतं.

तीन नकारांपासून सुरुवात करा. ज्या तीन गोष्टी चालणारच नाहीत त्या लिहा आणि त्यात बसणारे देश काढून टाका. सहा महिने काळोख नको, जोडीदाराला कामबंदी नको, दर वर्षी व्हिसाच्या नूतनीकरणाची टांगती तलवार नको, असं काहीही. आवडीनिवडींची यादी लांबतच जाते, नकारांची लांबत नाही.

उरलेल्या प्रत्येक देशाला एकच प्रश्न विचारा: हा व्हिसा मला पुढे कुठे नेतो? डिजिटल नोमॅड व्हिसा, म्हणजे बाहेरच्या देशाचं काम दुरून करत राहण्याचा परवाना. या एकाच नावाखाली किती वेगळ्या गोष्टी विकल्या जातात ते बघा. एस्टोनियाचा २०२० मध्ये निघाला, जास्तीत जास्त एक वर्षाचा. जपानचा २०२४ मधला, सहा महिन्यांचा, मुदतवाढ नाही. दोन्ही म्हणजे लांबलेली सहल. स्पेनचा २०२३ पासूनचा परवाना मात्र वाढवता येतो आणि पाच वर्षांच्या दीर्घकालीन वास्तव्याच्या वाटेवर नेतो. आखाती देशांत कितीही वर्षं राहिलात तरी नुसत्या वास्तव्याने नागरिकत्व मिळत नाही. पैसे साठवून निघायचं असेल तर त्यात वाईट काही नाही. पण तिथे ‘मुळं रोवायला’ गेलात तर पन्नाशीत पुन्हा हाच लेख शोधत याल.

नियम बदलतात, हेही धरून चाला. जर्मनीने जून २०२४ मध्ये नागरिकत्वाची मुदत पाच वर्षांवर आणली आणि दुहेरी नागरिकत्व मोकळं केलं. त्याच वेळी सुरू केलेली तीन वर्षांची जलद वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदही केली. स्पेनचा गुंतवणुकीवरचा गोल्डन व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये संपला. पोर्तुगालची नव्या रहिवाशांसाठीची गाजलेली करसवलत २०२४ पासून नव्या लोकांना बंद झाली. एकाच सवलतीसाठी एखादा देश निवडत असाल, तर ती सवलत उद्या गेली असं समजून तो देश पुन्हा एकदा तपासा. तरीही आवडला तर घ्या.

मग तिथे राहून या. हॉटेलात नाही, भाड्याच्या घरात, वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात, किमान तीन आठवडे. सकाळच्या गर्दीत प्रवास करा, डॉक्टरची वेळ मिळवून बघा, घर भाड्याने घ्यायला काय काय कागद मागतात ते विचारा. युरोपात शेंगेन भागासाठी, म्हणजे आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या देशांसाठी, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचीच मुभा असते, आणि ती सगळ्या शेंगेन देशांची मिळून. एका देशातून दुसऱ्यात गेल्याने मोजणी नव्याने सुरू होत नाही.

मायदेशी परतणं हाही एक ‘पुढचा देश’ आहे आणि तो इतरांसारखाच तपासावा. अमेरिकेतलं गलाहॉर्न हे अभ्यासक दांपत्य १९६३ मध्येच लिहून गेलं, की परतल्यावर माणूस दुसऱ्यांदा खड्ड्यात पडतो, तो ‘यू’ मग ‘डब्ल्यू’ होतो. आपण बदललेले असतो, गावही बदललेलं असतं, आणि दोघांनाही दुसऱ्याने बदललेलं आवडत नाही.

पायरी ५: कर

‘१८३ दिवसांपेक्षा कमी राहिलो की कर नाही’ हा समज डोक्यातून काढा. १८३ हा आकडा अनेक कायद्यांत आणि करारांत आहे, पण तो एकटा पुरेसा नसतो. ब्रिटनमध्ये २०१३ पासून चालू असलेल्या कसोटीत घर, कुटुंब, काम असे धागे पुरेसे घट्ट असतील तर नुकताच निघून गेलेला माणूस पन्नास-साठ दिवसांतही तिथला करदाता ठरू शकतो. दोन देशांनी एकाच वर्षी हक्क सांगितला, तर त्यांच्यातल्या करारात सहसा एक क्रम असतो: कायमचं घर कुठे, आयुष्याचं केंद्र कुठे, नेहमी राहणं कुठे, आणि मग नागरिकत्व. म्हणून जुन्या देशातलं घर रिकामं ठेवून निघणं कधीकधी महाग पडतं. दोन डगरींवर पाय ठेवलेल्याला दोन्हीकडून बिल येतं.

निघण्याची तारीख करवर्षाशी लावून बघा. ब्रिटनचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, ऑस्ट्रेलियाचं १ जुलैला, बऱ्याच देशांचं १ जानेवारीला. कॅनडासारखे देश निघताना तुमची काही मालमत्ता जणू विकलीच असं धरून वाढीवर कर लावतात. अमेरिकेचे नागरिक असाल तर जगात कुठेही जा, कराचं विवरणपत्र पाठ सोडत नाही. शेअर्स, धंदा किंवा दोन देशांत घरं असतील तर इथे सल्लागाराला पैसे द्या. बाकीच्या पायऱ्या स्वतः करता येतात, ही नाही.

पायरी ६: तिथे असतानाच कागद गोळा करा

निघाल्यावर कागद मागणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. कॅनडाची एक्स्प्रेस एंट्री गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला मागते, आणि अनुभवाच्या पत्रात नुसता हुद्दा चालत नाही, कामाचं स्वरूप आणि आठवड्याचे तास लागतात. आपला साहेब अजून कंपनीत आहे तोवर ते पत्र लिहून घ्या. तो नोकरी सोडून गेला की मनुष्यबळ विभाग दोन ओळींचा छापील दाखला देतो.

बाकी नेहमीचेच: मुलांच्या शाळेचे निकाल आणि दाखले, लसीकरण आणि आजारपणाच्या फायली, कर भरल्याची प्रमाणपत्रं, गाडीच्या विम्यात दावा केला नाही याचं पत्र, घरमालकाची शिफारस, तिथे जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला. सरकारी कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा दाखला, करून घ्या. १९६१ च्या हेग कराराने ही सोय केली, चीन त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये आला आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये. करारात असलेल्या दोन देशांमध्ये दूतावासाचा शिक्का सहसा लागत नाही.

पायरी ७: तारखा उलट्या मोजा

विमानाच्या दिवसापासून मागे या. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर तीच तारीख सगळ्यात लांबची. रेबीजची लस, मग रक्ततपासणी, मग थांबणं. ऑस्ट्रेलिया आणि जपान बहुतेक देशांतून येणाऱ्या प्राण्यांसाठी तपासणीनंतर १८० दिवस थांबायला लावतात. युरोपियन युनियन, तिच्या यादीत नसलेल्या देशांसाठी, तीन महिने. माणसाचा व्हिसा आधी आला आणि कुत्र्याचा मागे राहिला, हे मी शेजारी घडताना पाहिलं आहे. मालक सहा महिने फोनवर कुत्र्याशी बोलत असे.

मग नोटीस पीरियड, घराच्या कराराची मुदत, डिपॉझिट. राजीनामा नव्या देशाचा परवाना हातात आल्यावरच, नुसत्या ऑफर लेटरवर नाही. कारण नोकरी संपली की घड्याळ सुरू होतं: अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांना जास्तीत जास्त ६० दिवस, सिंगापूरमध्ये रोजगार परवाना रद्द झाल्यावर साधारण ३०. सिंगापूरमध्ये परदेशी कर्मचारी निघणार असेल तर कंपनीला महिनाभर आधी करखात्याला कळवावं लागतं आणि हिशोब मिटेपर्यंत तुमची देणी रोखून ठेवावी लागतात. शेवटचा पगार खर्चायला हातात असेल हे गृहीत धरू नका. जर्मनीत घर सोडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्ता रद्द केल्याची नोंद करावी लागते. तिचा दाखला विमा, इंटरनेट वगैरे बंद करताना मागतात, तेव्हा दोन प्रती ठेवा.

बँकेचं खातं शेवटी बंद करा. डिपॉझिट आणि कराचा परतावा त्यातच येतो. आणि जुना मोबाइल नंबर निदान वर्षभर चालू ठेवा. त्या खात्यात शिरायचा ओटीपी त्याच नंबरावर येतो.